चेनसॉचं ट्यूनिंग: इंजिन सुधारतं म्हणजे नेमकं काय होतं?



गेल्या व्याख्यानात आपण कारण आणि करण यांतला फरक पाहिला. करण म्हणजे साधन. न्यायशास्त्र शिकवताना साधनाचं उदाहरण म्हणून कुऱ्हाड घेण्याची जुनी पद्धत आहे. लाकूड तुटतं ते कुऱ्हाडीने. पण कुऱ्हाड कोपऱ्यात नुसती उभी असेल तर काहीच तुटत नाही. कुऱ्हाडीचा लाकडाशी संयोग व्हावा लागतो, आणि त्या संयोगाला नैयायिक 'व्यापार' म्हणतात. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, आता कुऱ्हाड कोण वापरतं? चेनसॉचं सांगा की." सगळे हसले, आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण चेनसॉच्या बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे. आज ती सांगतो, आणि तिच्या निमित्ताने या यंत्राच्या इंजिनात लोक काय काय बदल करतात, त्याने काय मिळतं आणि काय जातं, ते जरा तपशिलात पाहू.

३ जून २०२० या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, आणि इकडे दापोली, मंडणगड या भागात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. लॉकडाऊनमुळे आम्ही मार्चपासून दापोली तालुक्यात बहिणीकडेच होतो. वादळानंतर भाच्याने त्याची चेनसॉ बाहेर काढली. आठ-दहा दिवस ती करवत सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालली. मग एक दिवस तो वैतागून म्हणाला, "मामा, मशीन ओढत नाहीये. धूरच फार सोडतंय." शेजारच्या आजींच्या पडवीवर फणस पडला होता, पाऊस तोंडावर होता, घाई होती. त्याने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि कार्बोरेटरचा एक स्क्रू थोडा आत फिरवला. आवाज एकदम चढला. खणखणीत, स्वच्छ, धूर नाही. "आता ऐका, मामा!" आणि आम्ही, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, म्हणालो, "वा! आता लागली बघ."

पंधरा-वीस मिनिटांत करवत बंद पडली. दोरी ओढली तर दोरी हलेना. इंजिन जाम. फणस पडवीवर तसाच, सामान मिळायला चार दिवस, आणि मधल्या दोन रात्री पाऊस झाला. आजींच्या घरात ताडपत्रीखाली पातेली मांडायची वेळ आली.

नंतर मिस्त्री आले. आम्हांला वाटलं, ते आधी इंजिन उघडतील. त्यांनी आधी साखळी हातात घेतली, दातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "साखळी बोथट आहे हो. इंजिनाला कशाला मारलंत?"

या एका वाक्यात आजचं अर्धं व्याख्यान आलं. उरलेलं अर्धं समजायला आधी इंजिन समजलं पाहिजे.

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. आपल्यापैकी ज्यांनी लूना किंवा जुनी चेतक चालवली आहे, त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल घालणं आठवत असेल. तेच हे घराणं. यात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या असतात, आणि वरखाली जाणारा पिस्टन त्या उघडतो, बंद करतो. साध्या रचनेत एक खिडकी आत घेण्याची, तिला इनटेक म्हणू. जळलेला वायू बाहेर सोडण्याची दुसरी, ती एक्झॉस्ट. आणि पिस्टनच्या खालच्या पोकळीतून ताजं मिश्रण वर पाठवणाऱ्या ज्या असतात, त्या ट्रान्सफर. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट उघडते, दाबाखालचा वायू बाहेर पळतो, मग ट्रान्सफर उघडतात आणि ताजं मिश्रण आत शिरतं.

आता वेळेचा हिशोब करा. लाकडात असताना इंजिन मिनिटाला साधारण १०,००० फेऱ्या घेत असेल, तर एका फेरीला ६ मिलिसेकंद लागतात. एक्झॉस्ट उघडल्यापासून ट्रान्सफर उघडेपर्यंत सुमारे २० अंशांचं अंतर असतं. म्हणजे जुना वायू निघून जायला मिळालेला वेळ सेकंदाचा तीनहजारावा भाग. एवढ्यात ज्याला जायचंय त्याने जायचं आणि ज्याला यायचंय त्याने यायचं. साहजिकच येणारा आणि जाणारा एकमेकांत मिसळतात. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत ताज्या पेट्रोलचा पाव ते तिसरा हिस्सा न जळताच एक्झॉस्टमधून निघून जातो.

हे मिसळणं कमी कसं करायचं, हा या इंजिनाचा शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२०च्या दशकात अडोल्फ श्नुर्ले या जर्मन अभियंत्याने ट्रान्सफर खिडक्या एक्झॉस्टच्या उलट दिशेला तिरक्या वळवल्या. त्यामुळे ताजं मिश्रण मागच्या भिंतीवर चढतं, वळसा घेतं आणि जुन्या वायूला पुढे ढकलतं. पुढे पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकल कारखान्यात वाल्टर काडेन यांनी एक्झॉस्टच्या नळीलाच कामाला लावलं. नळीचा आकार असा ठेवला की बाहेर गेलेली दाबाची लाट परत येते आणि निसटू पाहणारं मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. १९६१ मध्ये त्यांचं १२५ सीसीचं इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देत होतं. त्याच वर्षी त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला, विद्या सोबत घेऊन गेला, आणि १९६२ मध्ये सुझुकीवर बसून ५० सीसी गटाचा विश्वविजेता झाला.

ही हकीकत सांगायचं कारण असं. दर लिटरमागे शक्ती मोजली तर जुनी १४५ सीसीची चेतक ५०च्या आसपास अश्वशक्ती देते. आरएक्स हंड्रेड ११०च्या पुढे. काडेनचं इंजिन २००. आणि व्यवसायात वापरली जाणारी ७० सीसीची चांगली चेनसॉ देते साधारण साडेपाच अश्वशक्ती, म्हणजे लिटरमागे ७५ ते ८०. हे आकडे पाहिले की तरुण कारागिराच्या मनात येतं, इथे तर भरपूर जागा आहे! कंपनीने हात आखडता घेतलाय, आपण मोकळा करू.

पण कंपनीने हात का आखडता घेतला, हे विचारलं पाहिजे. मोटरसायकल दिवसातून किती वेळ पूर्ण रेसवर असते? फारच थोडा. चेनसॉ मात्र लाकडात असते तेव्हा पूर्ण रेसवरच असते. ती आडवी धरतात, उलटी धरतात, म्हणून तिच्या कार्बोरेटरला तरंगणारा फ्लोट नसतो, पडदा असतो. ती माणसाच्या हातात, तोंडापासून दोन-अडीच फुटांवर असते. काडेनची लांब नळी तिला लावता येत नाही, कारण झाडावर चढलेल्या माणसाला ती घेऊन फिरता आलं पाहिजे. कमी शक्ती म्हणजे कमी अक्कल असं नव्हे. बऱ्याचदा शिल्लक ठेवलेली ती शक्ती म्हणजे इंजिनाचं आयुष्य असतं.

आता पायरी पायरीने बदलांकडे येऊ. क्रम महत्त्वाचा आहे. तो आम्ही मिस्त्रींकडून शिकलो.

पहिली पायरी, साखळी. हिला ट्यूनिंग म्हणत नाहीत, पण सगळ्यात मोठा फायदा इथेच असतो. १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ऑरेगन भागात जो कॉक्स नावाचे लाकूडतोडे होते. लाकूड पोखरणारी एक अळी आपले जबडे डावीकडून उजवीकडे कसे चालवते, हे त्यांनी पाहिलं आणि त्यावरून साखळीचा नवा दात बनवला. १९४७ मध्ये पोर्टलंडला त्यांचा धंदा सुरू झाला. आजच्या साखळ्या त्याच कुळातल्या. दाताचे दोन भाग असतात. मागचा कापणारा, आणि त्याच्या पुढे एक बुटकी खुंटी. दात लाकडात किती खोल जाणार हे ती खुंटी ठरवते. दोघांच्या उंचीतला फरक साधारण ०.६५ मिलिमीटर. धार असली की ढलप्या पडतात. धार गेली की पीठ पडतं. पीठ पडायला लागलं की माणूस करवत दाबायला लागतो, इंजिन दबतं, आणि माणसाला वाटतं की इंजिन ओढत नाही.

नेमकं हेच आमच्या भाच्याचं झालं. जमिनीवर पडलेली झाडं, त्यांना लागलेली वाळू आणि माती. साखळी एकदा मातीला लागली की धार काही सेकंदांत जाते. बिघाड होता दातात. आम्ही औषध दिलं कार्बोरेटरला.

काही जण साखळी जलद कापावी म्हणून ती पुढची खुंटी जास्त घासतात. दात मग लाकडात खोल रुततो, करवत धक्के देते, आणि पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून माणसाच्या अंगावर येण्याचा धोका वाढतो. म्हणून खुंटी मापानेच घासायची.

दुसरी पायरी, पेट्रोल आणि ऑइल. ५० ला १ हे प्रमाण म्हणजे लिटरला २० मिली, आणि ४० ला १ म्हणजे २५ मिली. कंपनीने जे सांगितलं असेल ते मापाने घ्यायचं, बाटलीच्या झाकणाने अंदाजे नव्हे. इथे एक नवी गोष्ट आली आहे. हल्ली आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बऱ्याच करवतींच्या पुस्तिकेत मात्र १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे स्क्रूला हात न लावताही मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. शिवाय इथेनॉल ओलावा धरतं आणि कार्बोरेटरचे पडदे कडक करतं. तेव्हा आपली करवत किती टक्के चालवून घेते ते आधी पाहायचं, कॅनमध्ये महिनोन् महिने पेट्रोल ठेवायचं नाही, आणि हंगाम संपला की टाकी रिकामी करून ठेवायची.

तिसरी पायरी, कार्बोरेटर. इथे जरा थांबू, कारण आमची चूक इथलीच.

कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात. एल म्हणजे कमी रेससाठी, एच म्हणजे पूर्ण रेससाठी, आणि तिसरा, एलए किंवा टी लिहिलेला, आयडलसाठी. एल आणि एच आत फिरवले की पेट्रोल कमी होतं, बाहेर फिरवले की वाढतं. काम सुरू करण्यापूर्वी एअर फिल्टर साफ पाहिजे आणि इंजिन गरम पाहिजे. आधी एल असा लावायचा की ट्रिगर दाबताच इंजिन न अडखळता उचलेल. मग आयडल असा, की ट्रिगर सोडल्यावर साखळी पूर्ण थांबलेली राहील. शेवटी एच.

एच लावताना कान लागतो. करवत हवेत धरून पूर्ण रेस केली, आणि मिश्रण थोडं जड असलं, तर इंजिन दर फेरीला नीट पेट घेत नाही. मध्ये एखादी फेरी चुकते. आवाज थोडा फाटका, बुडबुडल्यासारखा येतो. कारागीर त्याला फोर-स्ट्रोकचा आवाज म्हणतात. पण तीच करवत लाकडात घातली, ओझं आलं, फेऱ्या उतरल्या, की दर फेरी पेटते आणि आवाज स्वच्छ होतो. हेच बरोबर ट्यूनिंग. हवेत किंचित फाटका, लाकडात स्वच्छ. पुस्तिकेत दिलेल्या कमाल फेऱ्या टॅकोमीटरने तपासायच्या, त्या ओलांडायच्या नाहीत, आणि हवेत पूर्ण रेस दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त ठेवायची नाही.

आता उलट बाजू. एच आणखी आत फिरवला की हवेतही आवाज स्वच्छ होतो. फेऱ्या वाढतात. धूर जातो. ऐकणारा म्हणतो, "वा!" पण टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल दोन कामं जास्तीची करतं. ते आत येताना पिस्टनला थंड करतं, आणि त्याच्यासोबत ऑइलही येतं. पेट्रोल कमी केलं की थंडावा कमी आणि ऑइलही कमी, दोन्ही एकाच वेळी. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो, तापला की फुगतो. एक्झॉस्टच्या बाजूला सगळ्यात जास्त ताप, म्हणून तिथे तो आधी भिंतीला घासतो. आम्ही सायलेन्सर काढून खिडकीतून पाहिलं तर पिस्टनवर उभ्या रेघा होत्या, मांजराने नखं मारावीत तशा.

म्हणून सांगतो, श्रोतेहो, या यंत्राचा सगळ्यात सुरेल आवाज आणि त्याचा शेवटचा आवाज हे शेजारी-शेजारी असतात. आणि आपला कान सुराला भुलतो.

आणखी एक. 'बरोबर' लावलेला स्क्रू हा कायमचा बरोबर नसतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटरवर आहे. तिथे हवा चिपळूणपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त विरळ. तिथे नेमकी लावलेली करवत घाट उतरून चिपळूणला आणली, की हवा दाट होते, पेट्रोल तेवढंच राहतं, म्हणजे मिश्रण पातळ. कोणी काही केलं नाही, तरी इंजिन धोक्यात. नव्या महागड्या करवतींमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर स्वतःच करतो, तिथे स्क्रूच नसतात. इतर बऱ्याच करवतींच्या स्क्रूंवर फिरण्याची मर्यादा घालणाऱ्या टोप्या असतात. त्या धूर आणि प्रदूषण आवाक्यात राहावं म्हणून बसवलेल्या असतात.

चौथी पायरी, सायलेन्सर. बाहेर पडायचं तोंड लहान असतं, ते मोठं केलं की वायू लवकर निघतो आणि शक्ती वाढते. बदलांमध्ये हा सगळ्यात लोकप्रिय. कारागीर असा अंदाज धरतात की बाहेरचं तोंड एक्झॉस्ट खिडकीच्या क्षेत्रफळाच्या ७०-८० टक्क्यांपुढे नेऊ नये. तोंड मोठं केल्यावर एच पुन्हा बाहेर फिरवावा लागतो, कारण आता इंजिन जास्त हवा ओढतं. जो सायलेन्सर उघडतो आणि कार्बोरेटर तसाच ठेवतो, तो आमच्या भाच्यासारखंच करतो, फक्त दुसऱ्या दाराने. सायलेन्सरमध्ये ठिणगी अडवणारी एक बारीक जाळी असते. ती शक्तीसाठी काढून टाकणं म्हणजे फाल्गुन-चैत्रातल्या वाळक्या गवतात वणव्याला आमंत्रण. आणि आवाज. साधी करवतच कानाशी १०० डेसिबलच्या पुढे असते. वाढलेला आवाज ज्याच्या कानात जातो, तो बहुधा रोजंदारीवरचा माणूस असतो.

पाचवी पायरी, दाब वाढवणं. सिलिंडरच्या बुडाशी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचं गॅस्केट असतं. ते काढून सिलिंडर थोडा खाली बसवला की पिस्टनच्या वरची जागा कमी होते आणि दाब वाढतो. पण पिस्टन आणि माथा यांत किती जागा उरली, हे आधी मोजायचं. पद्धत छान आहे. प्लगच्या भोकातून डाग द्यायची मऊ तार आत घालायची, इंजिन हाताने फिरवायचं, आणि चेपलेल्या तारेची जाडी मोजायची. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली सहसा जात नाहीत, कारण फेऱ्या वाढल्या की धातू ताणतो आणि पिस्टन माथ्याला टेकू शकतो. आता गंमत पाहा. सिलिंडर खाली आला की त्याच्या भिंतीतल्या खिडक्याही खाली आल्या! एक्झॉस्ट उशिरा उघडायला लागली, ट्रान्सफर उशिरा, आणि इनटेक उलट लवकर. एक कागदासारखं गॅस्केट काढलं आणि तिन्ही वेळा बदलल्या. शिवाय दोरी ओढायला जड, आणि ताप जास्त.

सहावी पायरी, ठिणगीची वेळ. मॅग्नेटच्या चाकाची खाच चार-सहा अंश सरकवून ठिणगी लवकर पाडतात. उचल तेज होते, पण ताप वाढतो आणि दोरी उलटा झटका देते.

सातवी आणि शेवटची, खिडक्या कोरणं. याला पोर्टिंग म्हणतात. एक्झॉस्टची खिडकी वर उचलली की वायूला जायला वेळ जास्त मिळतो, फेऱ्या वाढतात. पण पिस्टनला खाली ढकलणारा दाबही लवकर सुटून जातो, म्हणजे ओझ्याखालची ओढ कमी होते. बारीक फांद्यांना ते चालेल, जाड ओंडक्याला नाही. रुंदी वाढवली तर पिस्टनची रिंग खिडकीत फुगून अडकू शकते. आणि सिलिंडरच्या आतला कठीण मुलामा इतका पातळ असतो की कोरल्यावर कडा नीट घासली नाही तर तो सोलवटतो. ही वाट परतीची नाही. स्क्रू उलटा फिरवता येतो, कोरलेला धातू परत आणता येत नाही.

फेऱ्या वाढवण्याबद्दल एक हिशोब सगळ्यांनी लक्षात ठेवावा. १२,५०० फेऱ्यांवरून १५,००० वर गेलं, तर वाढ २० टक्के. पण कनेक्टिंग रॉडवरचा ताण फेऱ्यांच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे ४४ टक्के. साखळीतली ऊर्जाही तशीच. १०,००० फेऱ्यांवर सात दातांच्या चक्रावरून धावणारी साखळी ताशी ७५-८० किलोमीटर वेगाने जात असते. करवत उसळली की थांबवायला जो ब्रेक असतो, तो कंपनीने मूळ वेग धरून बनवलेला. वेग आपण वाढवला, ब्रेक तोच राहिला.

मग कोणी हे बदल करूच नयेत का? तसं आम्ही म्हणत नाही. अमेरिका-युरोपात लाकूड कापण्याच्या स्पर्धा होतात, त्यात 'हॉट सॉ' नावाचा प्रकार आहे. तिथे स्नोमोबाईलसारख्या वाहनाचं इंजिन बसवलेली राक्षसी करवत घेऊन स्पर्धक ओंडक्याच्या तीन चकत्या काही सेकंदांत पाडतात. त्या इंजिनाला दिवसभर चालायचं नाही, त्याला काही सेकंद चालायचंय. तिथे ते उत्तमच आहे. तेच इंजिन आजींच्या पडवीवरचा फणस कापायला आणलं तर निरुपयोगी. इंजिनाचा गुण इंजिनात पाहून ठरत नाही.

ॲरिस्टॉटलने आत्म्याविषयीच्या ग्रंथात कुऱ्हाडीचाच दृष्टान्त घेतला आहे. कुऱ्हाड सजीव असती तर तिचं कुऱ्हाडपण, म्हणजे कापण्याची क्षमता, हाच तिचा आत्मा झाला असता. ती गेली तर उरते ती नावाची कुऱ्हाड. ग्रीक विचारवंत आणि आपले नैयायिक, दोघांनी उदाहरण एकच घेतलं, आणि दोघांचं बोट जातं तिथेच, पातं लाकडाला भिडतं त्या जागेकडे. आमचं आणि भाच्याचं लक्ष कुठे होतं? आवाजाकडे. व्यापार चालला होता दातापाशी, आणि आम्ही कान लावून बसलो होतो इंजिनाला.

'चांगलं चालतं' असं आपण म्हणतो, तेव्हा तीन प्रश्न त्यात दडलेले असतात. कशासाठी चांगलं? किती वेळ चांगलं? आणि कोणासाठी चांगलं, मालकासाठी, की दिवसभर ते हातात धरणाऱ्यासाठी? वर्षानुवर्षं कंपन सोसून बोटं पांढरी पडण्याचा आजार जंगलातल्या करवत्यांना जडतो, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. तोही या हिशोबात धरावाच लागतो. या तीन प्रश्नांची उत्तरं तयार असतील तर स्क्रू ड्रायव्हर खुशाल हातात घ्यावा.

आमच्या भाच्याने नंतर नवा पिस्टन बसवला. आता टाकी भरायला थांबला की तो आधी गोल कानस काढतो, प्रत्येक दाताला दोन-तीन हात मारतो, फिल्टर झटकतो, आणि मगच दोरी ओढतो. एका टाकीत किती ओंडके झाले ते मोजतो. हवेत रेस केली की त्याची करवत किंचित फाटका आवाज करते. मागच्या मे महिन्यात गेलो होतो तेव्हा आम्ही मुद्दाम ऐकत उभे राहिलो. तो हसून म्हणाला, "मामा, आता 'वा' म्हणू नका हं."

आम्ही नाही म्हणालो. खाली वाकून पाहिलं, ढलप्या चांगल्या मोठ्या पडत होत्या.

पुढच्या वेळी 'साधन' सोडून 'कर्ता' या कल्पनेकडे वळू. यंत्र स्वतः निर्णय घेतं असं आपण हल्ली सहज म्हणतो, ते कितपत खरं, हा विषय. आज इथेच थांबतो.